जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या टॅपेट आणि व्हॉल्व्हची देखभाल

इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंतच्या मराठी घरांच्या पोर्चमध्ये आजोबांच्या वेळची एखादी अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाट कापडाखाली झाकून ठेवलेली अजूनही आढळते. अशा गाड्यांच्या रंगावर, क्रोमवर आणि गाद्यांवर मालक सढळ हाताने खर्च करतात. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली काय चालले आहे याची चौकशी मात्र तिथून टकटक ऐकू येऊ लागल्यावरच होते. मग गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे जाते, तो थोड्याच वेळात टॅपेट आवळतो आणि ‘साब, एकदम सायलेंट कर दिया’ असे सांगून गाडी परत करतो. मालक खूश होतो. पुढे कधीतरी एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेड, म्हणजे सिलिंडरांना वरून बंद करणारा भाग, उतरवावे लागते, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, टॅपेटला वर ढकलतो; टॅपेट पुशरॉड नावाच्या सळईला, पुशरॉड रॉकर नावाच्या डोलत्या तरफेला आणि रॉकर व्हॉल्व्हला, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या (इनलेट) किंवा जळके वायू बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) झडपेला, दाबतो. या साखळीची देखभाल घरच्या घरी कशी करावी ते येथे सांगितले आहे. त्यात सगळा भर रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली योग्य फट राखण्यावर आणि त्या फटीची लेखी नोंद ठेवण्यावर आहे. आवाजाचा विचार त्यानंतर.

येथे डोळ्यांसमोर मुख्यतः हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ठेवले आहे. मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले हे इंजिन १९५९ च्या सुमारास या गाडीत आले; त्याआधीच्या गाड्यांत १४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते, त्याविषयी पुढे वेगळे सांगितले आहे. १९९० च्या दशकात आलेल्या इसुझूच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असल्याने त्याला खालची कृती जशीच्या तशी लागू पडत नाही. फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची रचना पुशरॉडचीच असल्यामुळे तत्त्वे तीच राहतात, पण फटीचे आकडे निराळे असतात आणि ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. आपल्याच शहराचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्युसेनबर्ग एसजे गाडीत आठ सिलिंडरांवर दोन कॅमशाफ्ट आणि बत्तीस व्हॉल्व्ह होते. ते काम पोर्चमध्ये करण्याजोगे नाही, आणि ज्यांच्या दारात तशी गाडी उभी असेल त्यांना हा लेख वाचण्याची गरजही पडणार नाही.

फट कशासाठी असते हे एकदा नीट समजले की पुढची बहुतेक कामे आपोआप सुचतात. इंजिन तापले की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, आणि त्याला लांबायला जागा मिळावी म्हणून रॉकर आणि दांड्याचे टोक यांच्यामध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची थाळी चालत्या इंजिनात सातशे अंश सेल्सिअसच्या घरात तापते, आणि तिची बरीचशी उष्णता ती सीटवर टेकलेली असते तेवढ्याच क्षणात हेडमध्ये व तिथून पाण्यात उतरते. फट नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. मग उष्णता उतरायला वाट राहत नाही, उलट जळते वायू त्या बारीक फटीतून सुसाट बाहेर पडतात आणि थाळीची कड खाऊन टाकतात. फट जास्त झाली तर आवाज वाढतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो आणि रॉकरचे तोंड व दांड्याचे टोक यांना ठोके बसतात. ही झीज हळूहळू होते आणि ती कानाला कळते. फट कमी झाल्याचे मात्र कानाला काहीच कळत नाही, म्हणूनच निःशब्द इंजिनाचे मला कौतुक वाटत नाही. जुन्या पुशरॉड इंजिनातून बारीक, एकसारखी टिकटिक येत असेल तर ती खुशाल येऊ द्यावी.

सर्वांत आधी एक वही करावी. तिच्या एका पानावर एक ते आठ असे व्हॉल्व्हचे रकाने आखावेत. रेडिएटरच्या बाजूचा व्हॉल्व्ह पहिला आणि डॅशबोर्डच्या बाजूचा आठवा. बी-सिरीज इंजिनात पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा हे एक्झॉस्टचे, तर दुसरा, तिसरा, सहावा आणि सातवा हे इनलेटचे असतात. झाकण उघडल्यावर स्क्रूला हात लावण्यापूर्वी आठही फटी आहेत तशा मोजाव्यात आणि तारीख, किलोमीटर व इंजिन गरम होते की थंड हे टाकून लिहून ठेवाव्यात. फटी सेट केल्यानंतरचे आकडे लिहिण्यात फारसा अर्थ नसतो, कारण ते सगळे सारखेच असतात. खरी माहिती सेट करण्यापूर्वीच्या आकड्यांत असते आणि बहुतेक गॅरेजांत नेमकी तीच वाया जाते.

या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड नाही. एखाद्या व्हॉल्व्हची फट गेल्या वेळेपेक्षा वाढलेली असेल तर रॉकरचे तोंड, दांड्याचे टोक, पुशरॉडची वाटी किंवा खाली कॅम आणि टॅपेट यांपैकी काहीतरी झिजले आहे. फट कमी झालेली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे किंवा त्याचा दांडा ताणला गेला आहे, आणि ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा वाईट असते. चारही एक्झॉस्टच्या फटी दर वेळी थोड्या थोड्या कमी भरत असतील तर कारण सीटमध्ये शोधावे. एकाच व्हॉल्व्हची फट एकदम घटली असेल तर हेड लवकर उतरवावे आणि तोपर्यंत घाटात गाडी नेऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या काळातल्या ब्रिटिश इंजिनांचे नट-बोल्ट इंची मापाचे असतात, त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी छिन्नीची पाळी येते. म्हणून इंची रिंगपाना, रुंद पात्याचा चांगला स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पाती), प्लगपाना आणि रॉकर कव्हरची नवी कॉर्कची पॅकिंग आधीच आणून ठेवावी. चारही स्पार्क प्लग काढून घ्यावेत, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा न येता इंजिन हाताने सहज फिरते. प्लग काढण्यापूर्वी त्यांच्या खाचांतली धूळ हवेने उडवून लावावी, कारण माळव्याच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ तिथे थर धरून बसलेली असते आणि प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते. इंजिन फिरवायला पुढून घालायचे हँडल सर्वांत उत्तम. ते हरवले असेल तर गाडी सपाट जागी टॉप गियरमध्ये ठेवून पुढे-मागे ढकलावी. सेल्फने मात्र नेमक्या जागी थांबता येत नाही.

कोणता व्हॉल्व्ह केव्हा मोजायचा यासाठी नऊच्या बेरजेचा नियम वापरतात. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करावा आणि जो आकडा येईल त्या व्हॉल्व्हची फट मोजावी. आठवा दाबलेला असताना पहिला, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा असताना पाचवा, सातवा असताना दुसरा. पुढे पहिला असताना आठवा, तिसरा असताना सहावा, पाचवा असताना चौथा आणि दुसरा असताना सातवा. याच क्रमाने गेल्यास हँडलच्या दोन पूर्ण फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह होऊन जातात. हा नियम चालतो कारण या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, त्यामुळे पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा सिलिंडर एकमेकांपासून बरोबर एका फेरीच्या अंतरावर असतात; शिवाय व्हॉल्व्हची मांडणी मध्यापासून दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी आहे. एक व्हॉल्व्ह कॅमच्या शिखरावर असला की त्याचा जोडीदार कॅमच्या पाठीवर, म्हणजे सर्वांत मोकळ्या जागी असतो. सहा सिलिंडरच्या इंजिनाला हा नऊचा हिशेब लागू नाही, हे कोणी बुइक किंवा शेव्हरोले घेऊन बसला असेल तर त्याने लक्षात ठेवावे.

१४८९ सीसीच्या इंजिनासाठी फट साधारणतः ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर दिलेली असते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा, आणि तो गरम इंजिनासाठी आहे की थंड इंजिनासाठी हेही त्यातच पाहावे. गरम मोजायचे असेल तर गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी. नुसती उभ्या जागी सुरू ठेवून इंजिन सगळीकडे सारखे तापत नाही. लॉकनट सैल करून स्क्रू असा फिरवावा की फीलरचे पाते आत-बाहेर सरकवताना हलकीशी ओढ जाणवेल. पाते अडकू नये आणि लटपटूही नये. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून लॉकनट आवळावा आणि पुन्हा मोजावे, कारण नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर किंचित फिरतो आणि फट दर वेळी थोडी बदलते. ही दुसरी मोजणी घाईत हटकून वगळली जाते. शंका वाटली तर फट किंचित जास्त ठेवावी, कमी कधीही ठेवू नये.

येथे एक फसगत होते, तिच्याकडे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे चाललेल्या रॉकरच्या तोंडावर, जिथे ते दांड्याच्या टोकावर घासते, तिथे दांड्याच्या रुंदीएवढा खोलगट खड्डा पडतो. नखाने चाचपले की त्याची कड लागते, आणि तिरप्या उजेडात तो चकाकत्या चंद्रकोरीसारखा दिसतो. फीलरचे सपाट पाते या खड्ड्याच्या दोन काठांवर पुलासारखे टेकते आणि खाली राहिलेली पोकळी मोजलीच जात नाही. त्यामुळे फीलर ०.०१५ सांगत असताना खरी फट त्याहून बरीच जास्त असते, टकटक चालूच राहते, आणि ती बंद करण्याच्या नादात मिस्त्री स्क्रू आणखी आवळत जातो. अशा वेळी खड्ड्यात बसेल इतके अरुंद पाते वापरावे किंवा व्हॉल्व्हच्या बाजूला डायल गेज लावून रॉकरची मोकळी हालचाल मोजावी. खड्डा उथळ असेल तर ग्राइंडिंगच्या दुकानात रॉकरचे तोंड मूळच्या गोलाईत घासून मिळते; त्यावरचा कडक थर पातळ असल्यामुळे फार घासू देऊ नये. खोल खड्डा असलेला रॉकर बदलावा.

फटी बरोबर असूनही वरून आवाज येत असेल तर रॉकर शाफ्ट, म्हणजे सगळे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा, तपासावा. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू केले की प्रत्येक रॉकरच्या बुडातून तेल पाझरताना दिसले पाहिजे. एखादा रॉकर कोरडा दिसला तर शाफ्टमधले तेलाचे भोक गाळाने बुजले आहे असे समजावे. शाफ्ट पोकळ असतो आणि तेल त्यात हेडमधून शाफ्टला आधार देणाऱ्या एका पायाच्या वाटेने चढते. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या इंजिनात त्याच्या आत डांबरासारखा काळा गाळ साचतो. शाफ्ट उतरवून, टोकाचा प्लग काढून, रॉकेल आणि बारीक तारेने तो आरपार साफ करावा. शाफ्टची झीज नेहमी खालच्या बाजूला होते, कारण स्प्रिंगचा जोर रॉकरला वर ढकलतो व शाफ्टची खालची बाजू दाबली जाते. बोट फिरवले की प्रत्येक रॉकरखाली पायरी हाताला लागते.

हा शाफ्ट उतरवताना या इंजिनाची एक खोड माहीत असणे आवश्यक आहे. रॉकर शाफ्टचे पाय ज्या नटांनी बसवलेले असतात त्यांतले चार नट हेडलाही धरून ठेवतात. नुसते तेवढेच सोडले आणि हेडचे बाकीचे नट आवळलेलेच राहिले, तर हेडवरचा दाब वाकडा पडतो, हेड पिळवटण्याची भीती असते आणि गॅसकेटमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. म्हणून आधी रेडिएटरचे पाणी काढून टाकावे आणि मग हेडचे अकराही नट क्रमाने, एका वेळी अर्धा फेरा, असे सर्व बाजूंनी सैल करत जावे. परत बसवतानाही हीच काळजी घ्यावी: मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने, दोन-तीन टप्प्यांत मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावे. केवळ टॅपेटची फट सेट करण्यासाठी यातले काहीच सोडावे लागत नाही, हे नवख्या माणसाने विसरू नये.

शाफ्ट निघाल्यावर पुशरॉड एकेक करून काढावेत आणि जाड पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यात क्रमाने खोचावेत, म्हणजे जो जिथला तो तिथेच परत जातो. पुशरॉड ओढताना तेलाच्या चिकटपणामुळे खालचा टॅपेट त्याच्याबरोबर उचलला जाऊन जागेवरून निसटण्याचा संभव असतो, म्हणून आधी रॉड थोडा पिळून व बाजूला झटकून सोडवून घ्यावा. प्रत्येक रॉड आरशावर किंवा जाड काचेवर घरंगळून पाहावा. वाकलेला रॉड लंगडत जातो आणि तो सरळ करण्याच्या भानगडीत न पडता बदलावा. टॅपेट पाहण्यासाठी मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेले वायूंचे नळ) उतरवून ब्लॉकच्या बाजूची झाकणे उघडावी लागतात. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमही किंचित तिरका घासलेला असतो, तो टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहावा म्हणून. तळावर गोल वर्तुळांच्या खुणा असतील तर तो नीट फिरतो आहे. एकाच दिशेने सरळ रेघा असतील, मध्ये बशीसारखा खळगा पडला असेल किंवा बारीक खड्ड्यांची देवी उठली असेल, तर टॅपेट गेला आणि त्याच्यासमोरचा कॅमही बहुधा गेला. झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट बसवून पैसे वाचत नाहीत, कारण जुना कॅम नवा टॅपेट लवकरच खाऊन टाकतो.

या झिजेशी तेलाचा थेट संबंध आहे. सपाट टॅपेट आणि कॅम यांच्यामध्ये दाब इतका असतो की तिथे तेलाच्या थरापेक्षा तेलातल्या झिंक-फॉस्फरसच्या संयुगावर संरक्षणाची भिस्त असते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या हलक्या ग्रेडच्या तेलांत हे संयुग कमी केलेले असते. नव्या गाडीसाठी शिफारस केलेले महागडे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सिंथेटिक तेल अ‍ॅम्बेसेडरमध्ये ओतणे म्हणजे जास्त पैसे देऊन कॅम झिजवून घेणे होय. साधे मिनरल २०डब्ल्यू-५० तेल या इंजिनाला आणि आपल्या हवेला दोन्हींना मानवते. मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला तरी ते पुरेसे जाड राहते. गाडी कमी चालत असली तरी तेल वर्षातून एकदा बदलावे.

हेड उतरवायचे की नाही याचा निर्णय कॉम्प्रेशन पाहून घ्यावा. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मागे असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मागे असतील तर त्यांच्यामधली हेड गॅसकेट फुटलेली असण्याची शक्यता जास्त. व्हॉल्व्हच्या गाइडची, म्हणजे दांडा ज्यातून वर-खाली सरकतो त्या नळीची, तपासणी मात्र गेजपेक्षा आपला रस्ताच चांगली करून देतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय बराच वेळ उचललेला असतो, मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि झिजलेल्या इनलेट गाइडमधून वरचे तेल सिलिंडरमध्ये खेचले जाते. खाली पोहोचून पुन्हा पाय दाबला की मागे निळ्या धुराचा लोट निघतो. ओंकारेश्वरला जाताना मागच्या सीटवरच्या मंडळींना एवढेच पाहायला सांगावे. धूर उतारानंतरच निघत असेल तर गाइड आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी रिंगा पाहाव्यात, चढावर सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

हेड उतरल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या क्रमाने पुठ्ठ्यात लावून ठेवावा. स्प्रिंग दाबून लॉक, म्हणजे स्प्रिंगला दांड्यावर अडकवून ठेवणारे छोटे तुकडे, काढताना ते उडतात, म्हणून हेड जुन्या चादरीवर ठेवून काम करावे. गाइड तपासण्यासाठी व्हॉल्व्ह सीटपासून बोटभर उचलून आडवा हलवून पाहावा. स्पष्ट खडखड जाणवली तर गाइड नवा. सर्व स्प्रिंगा काचेवर एका ओळीत उभ्या करून वर पट्टी टेकवली की थकलेली स्प्रिंग बुटकी दिसते. दांड्यावरच्या, लॉकच्या खालच्या रबरी रिंगा जुन्या कधीही परत घालू नयेत. नव्या रिंगा तेलात भिजवून बसवाव्यात.

व्हॉल्व्ह घासण्याचे काम सोपे दिसते आणि म्हणूनच अनेकदा जास्त केले जाते. थाळीच्या कडेवर घासण्याच्या खरखरीत पेस्टचे तीन-चार बारीक ठिपके लावावेत, रबरी कप बसवलेली काठी दोन्ही तळव्यांमध्ये धरून पुढे-मागे फिरवावी, आणि दर काही फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा टेकवावा. सुरुवातीला घासण्याचा खरखरीत आवाज येतो, पुढे तो मऊ होत जातो. तेव्हा पुसून पाहावे. थाळीवर आणि सीटवर अखंड, राखाडी, एकसारख्या रुंदीचे कडे दिसले की थांबावे. चकाकी आणण्याच्या हौसेने त्यापुढे घासत बसले तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो. खोल खड्डे पडलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पेस्टने सुधारत नाही. तो ग्राइंडिंग मशीनवर ४५ अंशांत घासून घ्यावा किंवा बदलावा. पेस्टचा कणही गाइडमध्ये राहू नये, नाहीतर तो दांडा आणि गाइड दोन्ही कातत राहतो. व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात रॉकेल ओतावे आणि पोर्टमधून पाहावे. काही मिनिटे तिथे ओल आली नाही तर काम चांगले झाले.

सीटचा प्रश्न पेट्रोलशी जोडलेला आहे. पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसून एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बिडाच्या सीटशी चिकटू देत नसे. २००० सालाच्या आरंभी देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि जुन्या इंजिनांचे ते संरक्षण गेले. तेव्हापासून जोराने आणि सतत भार देऊन चालवलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह टेकताना सीटचे सूक्ष्म कण उपटून नेतो आणि रुतत जातो. यावर हेडमध्ये कडक धातूच्या सीट-रिंगा बसवणे हा पक्का उपाय आहे, पण तो सरसकट करून घ्यावा असे मला वाटत नाही. रविवारी राजवाड्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीच्या सीटला वर्षानुवर्षे काही होत नाही. भरल्या गाडीने मानपूरचा घाट वारंवार चढणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते ते वहीतले एक्झॉस्टचे आकडे सांगतात. शिवाय रिंगेसाठी हेड कोरताना पाण्याच्या पोकळीपर्यंत भोक जाण्याचा धोका असतो, तेव्हा हे काम या हेडचा अनुभव असलेल्या दुकानातच द्यावे. काढलेले मूळ रॉकर, शाफ्ट, व्हॉल्व्ह फेकू नयेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते, आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला उभे असतात. रॉकर आणि पुशरॉड नसतातच. फट बाजूच्या झाकणातून मोजतात आणि अरुंद जागेत एकाच वेळी दोन-तीन पातळ पाने धरावे लागतात. फोर्डच्या काही जुन्या इंजिनांत तर स्क्रूच नसतो. तिथे फट कमी झाली की व्हॉल्व्ह काढून दांड्याचे टोक थोडे घासावे लागते. व्हॉल्व्ह काढताना या कप्प्यातून खाली जाणारी तेलाची भोके चिंध्यांनी बुजवून घ्यावीत, नाहीतर एखादे लॉक सटकून थेट संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, जाते. चिंध्या किती कोंबल्या ते मोजून ठेवावे आणि काढतानाही मोजावे.

पावसाळा हा उभ्या गाडीचा खरा शत्रू आहे. इंजिन कुठल्याही जागी थांबले तरी एक-दोन व्हॉल्व्ह उघडेच राहतात, त्यांतून दमट हवा आत जाते, दांड्यावर गंज धरतो आणि टाकीतले शिळे पेट्रोल वाळून इनलेटच्या दांड्यांवर चिकट थर बसतो. मग दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढायची म्हणून थेट सेल्फ मारला जातो, गाइडमध्ये धरलेला व्हॉल्व्ह वर येत नाही, आणि पुशरॉड वाकतो किंवा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. हार-फुले आणण्यापूर्वी एक तास काढावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे, रॉकर कव्हर उघडावे, दांड्यांवर पातळ तेल टाकावे आणि हँडलने इंजिन सावकाश फिरवत आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन पुरते वर येतात की नाही ते डोळ्यांनी पाहावे. एखादा अडकला तर तेल मुरू द्यावे आणि लाकडी दांडक्याने हलकेच ठोकून तो मोकळा करावा. पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा हँडलने दोन-चार फेऱ्या दिल्या तर हा प्रसंग येत नाही.

काम संपल्यावर रॉकर कव्हरची पॅकिंग कोरडी व स्वच्छ जागी बसवावी आणि वरचे दोन नट बेताने आवळावेत. जास्त आवळले की पत्र्याचे कव्हर मधून दबते, कडा वर उचलल्या जातात आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल गळून बॉनेटखालून धूर येतो. कार्ब्युरेटर आणि इग्निशनचे सेटिंग व्हॉल्व्हच्या कामानंतरच करावे. हेड उतरवले असेल तर नवी गॅसकेट दबून बसते, म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम इंजिनावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळावेत. गॅसकेट दबली की हेड खाली येते आणि सगळ्या फटी कमी होतात, तेव्हा नट आवळून झाल्याबरोबर त्याच बैठकीत आठही फटी नव्याने मोजाव्यात, वहीत लिहाव्यात आणि मगच सेट कराव्यात.